बंद ट्रॅक्टर सुरू करायचा आहे, पण वडिलांना न सांगता

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

शेडमध्ये वडिलांचा चार सिलिंडरचा जुना डिझेल ट्रॅक्टर अठरा वर्षांपासून उभा आहे. उभा केला तेव्हा तो चांगला चालू होता. दोन महिन्यांनी वडिलांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी ट्रॅक्टर सुरू करून थेट त्यांच्यासमोर आणायचा, असा माझा बेत आहे. त्यांना यातले काहीच माहीत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, नवी बॅटरी टाकू, नाहीच उठला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन लावून ओढू. ओळखीच्या मिस्त्रीने न बघताच सांगितले की इंजिन पूर्ण खोलून बांधावे लागेल. पत्नी म्हणते, पुसून, रंग देऊन ठेवा, सुरू कशाला करायचा? मला पाना धरता येतो, पण इंजिन कधी उघडलेले नाही. मागच्या आठवड्यात फॅन हाताने फिरवून पाहिला, तो हललाच नाही. इंजिन जाम झाले असेल का? आणि या तिघांपैकी कुणाचे ऐकू?

नमस्कार,

आधी फॅनबद्दल बोलू, कारण तिथेच तुमचा धीर सुटलेला दिसतो. डिझेल इंजिनाचा पिस्टन हवा दाबून सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात आणतो. एवढ्या दाबाविरुद्ध फॅनचे पाते धरून धडधाकट इंजिनही फिरत नाही, बेल्ट घसरतो. आणि बेल्टसुद्धा न घसरता फॅन घट्ट बसला असेल, तर वॉटर पंपाचे बेअरिंग गंजलेले असू शकते. ते काम किरकोळ आहे. तेव्हा तुमच्या त्या प्रयत्नातून इंजिन जाम आहे असे ठरत नाही, मोकळे आहे असेही ठरत नाही. ते नीट कसे पाहायचे हे खाली सांगतो.

तुमच्या पत्रात मला अडखळायला लावले ते एका छोट्या वाक्याने: ‘उभा केला तेव्हा तो चांगला चालू होता.’ हे तुम्हाला कुणी सांगितले? वडिलांना तर तुम्ही काही विचारलेलेच नाही. म्हणजे हा तुमचा समज आहे, आणि सगळा बेत त्यावर उभा आहे. चालता ट्रॅक्टर अठरा वर्षे उभा राहतो त्यामागे काहीतरी कारण असते. कदाचित नवा आला आणि जुन्याची गरज संपली, हे सगळ्यात सुखाचे कारण. पण कदाचित पाणी उकळत होते. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगमधून, ऑइलमध्ये पाणी उतरत होते. गिअर सुटत होता, किंवा ऑइलच्या दाबाचा काटा वर येत नव्हता, आणि पुढच्या हंगामात बघू म्हणून तो शेडमध्ये गेला. यातले काय घडले त्यावर तुम्ही आधी कुठला नट सोडायचा हे ठरते. आणखीही एक शक्यता आहे. एखादा अपघात, एखादी जवळची दुखापत, काही कटू आठवण त्या यंत्राशी जोडलेली असली तर? मग पंच्याहत्तरीच्या दिवशी पाहुण्यांसमोर तो धडधडत आणणे त्यांना कसे वाटेल, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की गुपित सोडा आणि आज-उद्याच वडिलांशी बोला. त्यांच्या डोक्यात जे आहे ते त्या ट्रॅक्टरच्या छापील पुस्तकात नाही. तो बंद का केला? बंद करताना रेडिएटरचे पाणी काढले होते का? डिझेल पंप शेवटचा कधी उघडला? स्टॉपर ओढल्यावर इंजिन लगेच थांबायचे की ओढून धरावा लागायचा? सकाळी सुरू करायची त्यांची पद्धत काय होती? हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. मॅसी फर्ग्युसन ३५ चे उदाहरण घ्या. त्याच्या सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची ख्याती थंडीत लवकर न उठणारे अशीच होती. १९५९ च्या अखेरीस त्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले आणि मग तक्रार थांबली. हे ज्याला माहीत नाही तो अशा इंजिनावर बसून नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) बदलेल, पंप काढेल, आणि दोष मात्र नसेलच. तुम्ही ट्रॅक्टरचा मेक लिहिलेला नाही, पण त्याच्या खोडी वडिलांना नक्की माहीत असणार. माझ्या मते समारंभाच्या दिवशीच्या पाच मिनिटांच्या आश्चर्यापेक्षा हे दोन महिने ते शेडमध्ये खुर्ची टाकून तुम्हाला ‘तो नट उलट्या आट्यांचा आहे’ असे सांगत बसले, तर त्यांना आणि तुम्हाला जास्त मिळेल. त्यांना नको असेल तर तेही आत्ताच कळेल.

आता भावाच्या टोचनाकडे वळतो. तो सांगतो ती युक्ती रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ठीक आहे. बॅटरी उतरली, ओढला, उठला. तुमच्या ट्रॅक्टरला तो उपाय लावू नका, आणि हे मी अगदी आग्रहाने सांगतो. सेल्फची ताकद मर्यादित असते; आत काही अडले की तो घरघरून थांबतो. टोचन थांबत नाही. आत अडलेले असेल ते मोडून पुढे जाते. सायलेन्सरवर झाकण नसेल तर इतक्या वर्षांचे पावसाचे पाणी उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून एखाद्या सिलिंडरमध्ये गेलेले असू शकते. पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. एखादा व्हॉल्व्ह गंजून उघडाच अडकला असेल तर पुश रॉड वाकतो किंवा पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो. लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, चिकटलेल्या पिस्टनच्या रिंगा मोडतात. आणि हे काहीही झाले नाही, तरी बेअरिंगांत ऑइलचा थेंब नसताना इंजिन जोरात फिरते.

यापेक्षाही मोठा धोका डिझेल पंपात असतो आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. चार सिलिंडरची चार नळकांडी एका ओळीत असलेला पंप असेल तर त्याच्या आत एक दातेरी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. ती जिकडे सरकेल तसे डिझेल कमी-जास्त होते. इंजिन बंद असते तेव्हा गव्हर्नरची (इंजिनाची गती सांभाळणाऱ्या भागाची) स्प्रिंग सहसा ही पट्टी पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. अठरा वर्षांत ती तिथेच चिकटली असेल, तर इंजिन उठताक्षणी पूर्ण डिझेलवर पळत सुटेल. स्टॉपर ओढून काही होणार नाही, कारण स्टॉपर तीच पट्टी मागे ओढतो. फोर्डसन मेजरसारख्या ट्रॅक्टरांत गव्हर्नर हवेच्या दाबावर चालतो आणि त्याचा पडदा फाटला तरी हेच होते. आता भावाचा बेत डोळ्यांसमोर आणा. पुढे ओढणारा ट्रॅक्टर, मध्ये दोर, मागे ब्रेकचा भरवसा नसलेला आणि बेभान झालेला ट्रॅक्टर, त्यावर तुमचा भाऊ. त्याला हा परिच्छेद वाचून दाखवा.

मिस्त्रीचे म्हणणे चुकीचे ठरेलच असे नाही, पण न बघता ते सांगणे मला पटत नाही. जुने इंजिन खोलणे म्हणजे गंजलेले बोल्ट हेडमध्ये तुटणे, न मिळणारी गॅस्केटे शोधणे, आणि वर्षानुवर्षे एकमेकांना सरावलेले भाग उगाच वेगळे करणे. शिवाय खोललेली किती तरी इंजिने डब्यांत आणि पोत्यांतच राहतात. काम सुरू होते आणि अर्ध्यावर उत्साह, पैसा किंवा सुटा भाग संपतो. खोलायचे तर काही पुरावा हाती आल्यावर. पत्नीचा पर्याय मात्र मला वाटतो तितका टाकाऊ नाही. इंजिन हाताने फिरते आहे, ताजे ऑइल आहे, पाणी आणि डिझेल काढलेले आहे, टायरांवरचा भार ठोकळ्यांवर घेतला आहे, अशा अवस्थेत ट्रॅक्टर आणखी वीस वर्षे सुखाने राहतो. वडिलांनी ‘राहू दे’ म्हटले तर हेच करा. रंग मात्र कोणत्याही परिस्थितीत शेवटी. आधी रंगवले की गळती दिसत नाही आणि नंबरच्या पट्ट्या बुजतात.

सुरू करायचे ठरले तर माझी बाजू तिघांच्या मधली आहे: काहीही न मोडता जितके बघता येईल तितके आधी बघायचे.

शेडमध्ये पहिल्या दिवशी पान्याला हात लावू नका. सीटखाली, बॉनेटखाली, टूलबॉक्समध्ये साप, गांधीलमाशा, उंदरांची घरटी असतात. उंदरांच्या लेंड्यांची धूळ फुप्फुसाला घातक, म्हणून तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि झाडण्याआधी पाणी शिंपडा. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, जुनी बॅटरी काढून टाका. मग मोबाइलने प्रत्येक पाइप आणि प्रत्येक वायरीचा फोटो काढा, जोडलेल्या अवस्थेत.

त्यानंतर इंजिन फिरते का ते पाहू. गिअर न्यूट्रल करा, स्टॉपर ओढून ठेवा. चारही नोझलांभोवतीची माती ब्रश आणि डिझेलने धुऊन काढा. एक कण आत गेला तरी पंप-नोझलचे नुकसान होते. मग प्रेशर पाइप सोडा, उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ टोपणे लावा आणि नोझले काढा. निघत नसतील तर पहारीने उचकटू नका; गंज सोडवणारे तेल टाकून दोन दिवस थांबा. नोझलांच्या जागी आता चार भोके दिसतील. टॉर्च मारून बघा, पाणी दिसले तर ते नळीने ओढून काढा. मग प्रत्येक भोकात अर्धे डिझेल आणि अर्धे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल) असे मिश्रण साधारण अर्धा कप ओता आणि पुन्हा थांबा. हे थांबणेच सगळ्यात कठीण जाते, पण गंज सोडवण्याचे काम तेच करते.

दोन दिवसांनी क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट आणि हातभर लांब टॉमी लावा. भोकांवर फडके टाका, कारण आतले मिश्रण फवाऱ्यासारखे उडते. मग हळू जोर द्या. एका दिशेने केसभर हलले की परत उलटे, पुन्हा पुढे. पुलीचा बोल्ट उलट्या बाजूने सैल होतो आहे का यावर लक्ष असू द्या. हललेच नाही तर टॉमीला लांब पाइप अडकवून त्यावर लटकू नका. पुन्हा मिश्रण ओता आणि आठवडाभर शेडचे दार लावून घ्या. दुसरा सौम्य उपाय म्हणजे वरचा गिअर टाकून मागचे चाक दोघांनी मागे-पुढे झुलवणे. असे कित्येक इंजिन तीन-चार आठवड्यांनी सुटलेले आहेत. सुटले की पूर्ण दोन फेरे फिरवा; फोर स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होते.

याच वेळी टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचे झाकण, काढलेले असू द्या. एकाने फिरवायचे, दुसऱ्याने आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन वर येतात का ते मोजायचे. हे काम वडिलांच्या खुर्चीतून होण्यासारखे आहे. एखादा खालीच राहिला आणि त्याचा रॉकर (त्याला वरून दाबणारी दांडी) सैल खुळखुळू लागला तर तिथेच थांबा. त्याच्या दांड्यावर तेल सोडा, आणि पिस्टन खाली असताना लाकडी मुठीने वरून हलके टोले देऊन त्याला खाली-वर खेळवा.

ऑइल आता काढायचे, आधी नाही, कारण वर ओतलेले मिश्रण रिंगांवरून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यात, उतरलेले असते. चेंबरचा नट एकदम काढू नका, हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने असेल तर तेच आधी येते. चमचाभर आले तर ती बाष्पाची किंवा सायलेन्सरमधून शिरलेली ओल असू शकते. वाटीभर आले, किंवा ऑइल दुधाळ निघाले, तर वडिलांनी सांगितलेले कारण पुन्हा आठवा: पाणी कमी होत होते का? हेड गॅस्केट किंवा लायनरचे सील गेले असेल, तर मिस्त्रीचे म्हणणे निदान अर्धे खरे ठरले आणि तिथून पुढे त्याच्याच हाताने जा. सगळे ठीक असेल तर नवा फिल्टर ऑइलने भरूनच बसवा, म्हणजे पंपाला ऑइल उचलायला वेळ लागत नाही.

पंपाकडे मी पुन्हा येतो. ओळीतल्या पंपाला बहुधा स्वतःचे वेगळे ऑइल असते; त्याची पातळी दाखवणारा नट किंवा छोटी डिपस्टिक शोधा. त्यात डिझेल उतरून पातळी वाढलेली असेल तर ते बदला. बाजूचे झाकण उघडता येत असेल तर उघडा. आत स्प्रिंगांची ओळ दिसेल. स्टॉपर ओढा, सोडा: रॅक सरकून परत आली पाहिजे, दर वेळी आणि न अडखळता. ती आली नाही तर इंजिनाला डिझेल द्यायचेच नाही. पक्कड लावून ओढू नका. गंज सोडवणारे तेल सोडून वाट पाहा, नाहीतर पंप काढून पंपाच्या कारागिराकडे द्या. सगळ्या कामात एकाच ठिकाणी पैसे मोकळ्या हाताने खर्च करा असे मला कुणी विचारले तर मी ही जागा सांगेन. पंप गोल, म्हणजे एकाच डोक्यातून चार पाइप निघणारा असेल, तर त्याचे वंगण म्हणजे त्यातून जाणारे डिझेलच. त्यात पाणी साचले असेल तर आत गंज असतो आणि तोही कारागिराकडेच जातो.

डिझेलची टाकी उतरवून रिकामी करा. तळाला पाणी आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर वाढलेला काळा, बुळबुळीत थर सापडेल. तो सूक्ष्मजीवांचा असतो आणि नवे फिल्टर तासाभरात तुंबवतो. टाकी धुऊन, पूर्ण वाळवून लावा. रबरी नळ्या आणि फिल्टर नवे, फीड पंपाचा पडदा तपासलेला. मग एअर काढा: आधी फीड पंपाची दांडी हाताने मारत फिल्टरच्या स्क्रूपाशी, मग पंपाच्या स्क्रूपाशी, बुडबुडे थांबेपर्यंत. नोझले मात्र आधी टेस्ट करून आणा आणि नव्या तांब्याच्या वॉशरवर बसवा. घरी फवारा बघताना बोट पुढे नेऊ नका. तो शंभराहून जास्त बार दाबाने येतो आणि कातडी भेदून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकते.

थंडाव्याची बाजू मी थोडक्यात सांगतो: होज नवे, रेडिएटर धुतलेला, पाणी भरून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी खाली ओल आहे का ते पाहायचे. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर वाडगा काढा, आतले उंदराचे घरटे काढा, आणि ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते आणि त्या ऑइलवरच पळू लागते.

बॅटरी जोडण्याआधी वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते पाहा आणि अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, बॅटरीच्या कुठल्या टोकाला आहे ते जुन्या वायरीवरून ठरवा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश ट्रॅक्टरांना बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या सवयीने उलटे जोडले तर डायनॅमोचे नुकसान होते.

क्लच आणि ब्रेक लोक इंजिन सुरू झाल्यावर आठवतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटणे हा उभ्या ट्रॅक्टरचा नेहमीचा आजार आहे. पेडल छान दबते, आत मात्र काहीच सुटत नाही. तपासायची सोपी वेळ म्हणजे नोझले काढलेली असतात तेव्हा. गिअर टाका, क्लच दाबून धरा, आणि दोघा-तिघांनी सपाट जागी ट्रॅक्टर ढकला. फॅन फिरायला लागला तर क्लच चिकटलेला आहे. पेडल लाकडाने दाबून अडवून काही दिवस ठेवा, मधूनमधून गिअरमध्ये झुलवा. तेवढ्यानेही सुटला नाही तर ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो, ते मिस्त्रीचे काम. ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे.

सुरू करायचा दिवस समारंभाचा नसावा. तो आधीचा, साधा, मोजक्या माणसांचा असावा. ट्रॅक्टर उघड्यावर आणा, कारण बंद शेडमधला धूर जीव घेतो. चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल, जवळ अग्निशामक, आणि एक माणूस हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा. इंजिन बेभान झालेच तर हवेचे तोंड फळीने बंद करायचे. हाताने नाही, फडक्यानेही नाही, ते आत खेचले जातात. सुरू सीटवर बसूनच करा. खाली उभे राहून सेल्फच्या टोकांना पेचकस लावून सुरू करण्याची सवय अनेकांना असते. गिअर पडलेला असला तर मागचे चाक त्यांच्याच अंगावरून जाते. १९४६ ते १९५६ दरम्यान बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ला सेल्फ गिअरच्या दांडीनेच लागतो, त्यामुळे तो गिअरमध्ये असताना उठतच नाही. त्याच्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना अशी काही सोय नाही.

आधी स्टॉपर ओढून सेल्फ मारा, दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा. ऑइलचा काटा हलेपर्यंत एवढेच. काटा हलला की प्रेशर पाइपांचे नट नोझलपाशी सैल करा, स्टॉपर सोडा, सेल्फ मारत राहिलेली एअर काढा, आणि मग नट आवळून सुरू करा. उठायला वेळ लागला म्हणून ईथरचा स्प्रे मारू नका. हीटर असलेल्या इंजिनात तो तिथेच पेटतो, आणि अठरा वर्षे थांबलेल्या रिंगांना तो दणका सोसत नाही. सुरू झाल्यावर पांढरा धूर येईल, ते अर्धवट जळलेले डिझेल आहे. दहा-पंधरा सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तर बंद करा. दिसला तर मध्यम गतीवर दहा मिनिटे चालवा, पुन्हा बंद, आणि सगळीकडे हात फिरवून गळती पाहा. काही तास चालल्यावर ऑइल पुन्हा बदला, कारण सुटलेला गाळ त्यात आलेला असतो. निळा धूर लगेच मनावर घेऊ नका. हलक्या कामावर काही तास गेले की चिकटलेल्या रिंगा बऱ्याचदा मोकळ्या होतात. त्यानंतरही धूर असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. मिस्त्रीच्या ‘बांधावे लागेल’ला खरे उत्तर त्या आकड्यांत मिळेल.

ज्यांच्याकडे पेट्रोल किंवा केरोसीनवर चालणारा जुना ट्रॅक्टर आहे त्यांना वरचे बहुतेक लागू आहे. त्यांचे जास्तीचे काम म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये सुकलेला डिंकासारखा थर, मॅग्नेटोचे गंजलेले पॉइंट आणि प्लग. त्यांचा फायदा असा की प्लग काढणे सोपे, आणि ठिणगी बंद केली की इंजिन थांबते.

दोन महिन्यांत हे सगळे होईल का? इंजिन मोकळे निघाले आणि पंप चांगला असेल तर आरामात. जाम निघाले तर नुसत्या वाट पाहण्यातच निम्मा वेळ जाईल, आणि तो जाऊ द्या. वाढदिवसाला ट्रॅक्टर स्वच्छ पुसून, टायरांत हवा भरून, न चालणारा पण सुटलेल्या इंजिनाचा असा समोर उभा असला तरी काही बिघडत नाही. जुन्या टायरांत हवा भरताना मात्र चाकासमोर बसू नका. लांब नळी लावा आणि बाजूला उभे राहा. गंजलेली रिम फुटली की तुकडे समोरच्या दिशेने येतात.

पुन्हा लिहाल तेव्हा ट्रॅक्टरचा मेक, पंपावरच्या पट्टीवरचा नंबर, चेंबरचा नट सैल केल्यावर आधी काय आले, आणि आठांपैकी किती व्हॉल्व्ह हलले, एवढे कळवा. पट्टीवर रंग चढलेला असेल तर तो खरवडू नका, थिनरच्या बोळ्याने पुसून काढा, म्हणजे कोरलेले आकडे शाबूत राहतील.